वकिलाने पाळलेला जंतू

जाहिरातीतले जंतू हिरवे असतात, क्वचित जांभळे. त्यांना दात असतात, भुवया असतात आणि तमाशापटातल्या पाटलासारखे ते पोट हलवत हसतात. खऱ्या जंतूला बिचाऱ्याला तोंडच नसतं, तो हसणार कुठून? पण जाहिरातीतल्या पोराने चिखलात हात घातला रे घातला की कुठून तरी एक भलंमोठं भिंग येतं. भिंगाखाली हा सगळा हिरवा मेळावा भरतो आणि पोराची आई घाबरून आपल्याकडे बघते. (ही बाई सकाळी सहा वाजताही लग्नाला निघाल्यासारखी दिसते, हे वेगळं.) मग पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ येतो. तो डॉक्टर आहे असं कुणीही म्हणत नाही, नुसता कोट घातलेला असतो. फेस पसरतो, हिरवी मंडळी किंचाळत गटारात वाहून जातात आणि पडद्यावर आकडा उमटतो : ९९.९ टक्के.

पुढच्या वेळी त्या हाताच्या चित्राकडे नीट बघा. एका कोपऱ्यात एक जंतू शिल्लक असतो. तो नजरचुकीने राहिला आहे असं समजू नका. तो कंपनीच्या कायदा विभागाने ठेवलेला आहे. उद्या तुमचं पोट बिघडलं आणि तुम्ही कंपनीला कोर्टात खेचलंत, तर तिचा वकील त्याच्याकडे बोट दाखवून म्हणणार, “मी लॉर्ड, आम्ही आधीच सांगितलं होतं. हाच तो.” थोडक्यात, तो वकिलाने पाळलेला जंतू आहे.

आणि तो एकटाही नसतो. हातावर दहा लाख जंतू धरले तर ०.१ टक्का म्हणजे एक हजार झाले. त्यातले काही प्रकार असे आहेत, की ऊब, ओल आणि खाऊ मिळाला तर वीस मिनिटांत दुप्पट होतात. हे हजार जण दुपारच्या उरलेल्या वरणभातात उतरले, तर तीन तास वीस मिनिटांत पुन्हा दहा लाखांच्या घरात. म्हणजे तुम्ही ९९.९ टक्के विजय मिळवून दुपारी आडवे झालात, तर चहाच्या वेळेपर्यंत गादीवर पुन्हा तेच सरकार. शिवाय तो विजयही प्रयोगशाळेतला. ठरलेले जंतू, ठरलेला वेळ, ठरलेलं तापमान. तुमच्या मोरीत जाऊन कुणी मोजलेलं नाही.

हे सगळं मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना सांगून पाहिलं. त्यांच्या बेसिनवर बाटल्यांची रांग असते.

“भाऊजी, आधी हात धुऊन घ्या. हिरवी बाटली घ्या, गुलाबी नको. ती स्वयंपाकाआधीची आहे.”

“दोन्हींत फरक काय हो, वहिनी?”

“हिरवी जास्त मारते.”

“आणि गुलाबी?”

“तीही मारते. पण हात मऊ ठेवून मारते.”

यावर काय बोलणार? लादी पुसायच्या पाण्यात त्या एक झाकण टाकतात, कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात एक झाकण टाकतात. कणकेत अजून टाकत नाहीत, एवढंच. गंमत अशी, की त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींसाठी मात्र मोरीच्या कठड्यावर पिवळ्या साबणाची साधी वडी असते. घरातली भांडी, केर, लादी, सिंकची जाळी, सगळं ज्यांच्या हातातून जातं त्यांना साधी वडी; आणि वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे दोस्त, जे दिवसभर कॉम्प्युटरच्या माउसखेरीज कशालाही हात लावत नाहीत, त्यांना हिरवी बाटली. मावशींचं यात काही नुकसान होतं का, ते पुढे येईलच.

वहिनींच्या सासूबाईंचं सोवळं कडक होतं. काठीने वाळत घातलेली धाबळी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबवलेले आम्ही, चुकून धक्का लागला की पुन्हा आंघोळ. त्या काळात वहिनी आमच्याकडे येऊन यावर पोटभर हसायच्या. आता त्या हसत नाहीत, कारण आता त्यांचंच सोवळं सुरू झालं आहे. नीट बघा, सासूबाईंचं ओवळं डोळ्यांना दिसत नसे, जंतूही दिसत नाही. ओवळं शिवण्याने पसरत असे, जंतूही शिवण्याने पसरतो. आणि दोघांचा सगळ्यात महत्त्वाचा गुण म्हणजे दोघंही नेहमी परक्याकडूनच येतात. कुरियरवाल्या पोराने दिलेल्या खोक्यावर दारातच फवारा मारला जातो. न्यू जर्सीहून आलेला भाचा मात्र तीन विमानतळांचे कठडे पुसून आलेले हात घेऊन थेट श्रीखंडाच्या पातेल्यापर्यंत पोचतो आणि मामी कौतुकाने म्हणते, “घे रे, बोटाने चाखलंस तरी चालेल.”

पाणीपुरीच्या गाडीवर तर हे नवं सोवळं बघण्यासारखं असतं. पर्समधून सॅनिटायझरची छोटी बाटली निघते. दोन थेंब, तळवे चोळणं, बोटांच्या बेचक्या, सगळं अगदी शास्त्रोक्त. मग ते निर्जंतुक हात द्रोण पुढे करतात. गाडीवरचा भय्या अंगठ्याने पुरी फोडतो, त्याच अंगठ्याने रगडा भरतो आणि मनगटापर्यंत हात मडक्यात बुडवून पुरी द्रोणात ठेवतो. मधेच गिऱ्हाइकाची वीस रुपयांची नोट घेतो, मोड देतो, हात पुन्हा मडक्यात. “भय्या, थोडा तिखा,” असं वहिनी म्हणतात. त्या तिखटाने जंतू मरतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. मीही तिथेच उभा असतो आणि शेवटची सुकी पुरी सोडत नाही. पण माझ्याकडे निदान बाटली नसते.

आता साबण करतो काय, ते बघू. साध्या साबणाचा रेणू स्वभावाने लग्न झालेल्या मुलीसारखा असतो : एक टोक माहेरी, एक सासरी, आणि दोन्हीकडचं सोडवत नाही. त्याचं डोकं पाण्याला धरून असतं आणि शेपटी तेलाला. आपल्या हातावर घामाचा, तेलाचा, वड्याचा जो काही थर असतो, जंतू त्यात अडकून बसलेले असतात. साबणाच्या शेपट्या त्या तेलात घुसतात, डोकी पाण्याकडे ओढतात आणि तेलाचे बारीक गोळे होऊन आतल्या रहिवाशांसकट नळाच्या पाण्यातून वाहून जातात. इथे कुणी कुणाला मारत नाही. फक्त जागा खाली करून घेतली जाते. करोनासारख्या काही विषाणूंभोवती चरबीचं पातळ वेष्टन असतं, तेवढं साबण फोडतो आणि तो विषाणू निकामी होतो. ज्यांच्याभोवती वेष्टन नसतं ते मरत नाहीत, पण वाहून जातात. तुमच्या पोटात न जाता ठाकुर्लीच्या खाडीकडे गेले म्हणजे झालं.

अँटीबॅक्टेरियल साबणात हे सगळं असतंच, वर एक मारेकरी ठेवलेला असतो. द्रवरूप साबणात बरीच वर्षं तो ट्रायक्लोसान नावाचा होता, वडीच्या साबणात ट्रायक्लोकार्बन. हा मारेकरी बॅक्टेरियांसाठी नेमलेला. आता आपल्याला वर्षभर छळणारी सर्दी विषाणूंची, फ्लू विषाणूंचा, लहान मुलांचे पुष्कळसे जुलाबही विषाणूंचे. म्हणजे घरात चोर शिरतो तो मांजराच्या रूपात आणि आपण दारात उंदरांचा सापळा लावून निवांत झोपतो.

बरं, बॅक्टेरियांना तरी तो मारतो का? मारतो. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. २०१५ साली दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी वीस जातींचे बॅक्टेरिया घेतले आणि साधा साबण व ०.३ टक्के ट्रायक्लोसानवाला साबण यांची झुंज लावली. वीस सेकंदांत दोघांत काही फरक दिसला नाही. ट्रायक्लोसानवाला साबण उजवा ठरला, पण कधी? नऊ तासांनी. हे वाचल्यापासून मी मनातल्या मनात वेळापत्रक बसवतो आहे. सकाळी आठ पाचच्या लोकलआधी हाताला फेस लावायचा. त्या फेसाळ हाताने डब्यातली कडी धरायची, दिवसभर फायलींवर सह्या करायच्या, साहेबांशी हस्तांदोलन करायचं (ते लवकर सुटतील, हा एक फायदा), आणि संध्याकाळी पाचनंतर नळाखाली हात धरायचा. मग खरोखरच ९९.९.

कोरियातला प्रयोग भांड्यातला होता म्हणून सोडून देऊ. पण घराघरांत जाऊनही पाहिलं गेलं आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात २३८ घरांना ४८ आठवडे साबण, कपड्यांची पावडर, ओटा पुसायचं द्रावण असा सगळा संसार पुरवला गेला. निम्म्यांना अँटीबॅक्टेरियल, निम्म्यांना साधा. कुणाला कुठला, हे घरच्यांना ठाऊक नव्हतं. २००४ साली निकाल छापून आला : सर्दी, खोकला, ताप, जुलाब दोन्हीकडे सारखेच.

त्याहून आपल्याला जवळचा प्रयोग कराचीतला. तिथल्या झोपडवस्त्यांत ३०० घरांना साधा साबण दिला, ३०० घरांना ट्रायक्लोकार्बनवाला. आणखी ३०६ घरांना हात धुण्याबद्दल काहीच सांगितलं नाही. कार्यकर्ते वर्षभर दर आठवड्याला घरोघर जात होते. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये जे आकडे आले, ते वाचून माझ्यासारख्या माणसालाही साबणाबद्दल आदर वाटला. हात धुणाऱ्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला. मुलांचे जुलाब निम्म्याहूनही खाली उतरले, अंगावरचे पिकणारे फोड एक तृतीयांशाने घटले. एवढा परिणाम एखाद्या नव्या औषधाने दाखवला असता तर त्याची किंमत ऐकून आपल्यालाच न्यूमोनिया झाला असता. आणि दोन साबणांत फरक किती? काहीही नाही. साध्या वडीने जे केलं तेच भारी वडीने केलं. या अभ्यासाला पैसा पुरवला होता एका साबण कंपनीने. दुकानदारानेच तराजू आणला, मापं आणली आणि तराजूने त्याच्या महागड्या मालाला भाव दिला नाही. संशोधकांनी ते जसंच्या तसं छापलं, याला दाद दिलीच पाहिजे.

मावशींचं काही नुकसान झालेलं नाही, हे आता लक्षात आलंच असेल.

एवढं सगळं दिसत असताना सरकारांनी काय केलं? सरकारी कारभार फक्त आपल्याकडेच रेंगाळतो अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची ही फाइल बघावी. साबणातल्या जंतुनाशकांबद्दलच्या नियमाचा पहिला मसुदा त्यांनी काढला १९७८ साली. त्यानंतर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली. मसुदा निघाला तेव्हा जन्मलेली मुलं शाळा शिकली, नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली, त्यांची पोरं जाहिरातीतल्यासारखी चिखलात खेळू लागली, तरी नियम पक्का होईना. शेवटी २०१० साली पर्यावरणवाद्यांची एक संघटना कोर्टात गेली. मग प्रशासनाने कंपन्यांना सांगितलं, की तुमचा साबण साध्या साबणापाण्यापेक्षा सरस आहे आणि वर्षानुवर्षं रोज वापरायला सुरक्षित आहे, याचा पुरावा आणा. पुरावा आला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बनसह १९ द्रव्यं घरगुती साबणांतून बाद झाली. १९७८ ते २०१६. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइल मला आता तरुण वाटू लागली आहे.

तीन द्रव्यांना मात्र आणखी पुरावा गोळा करायला मुदतवाढ मिळाली. त्यातलं एक क्लोरोझायलेनॉल. नाव अनोळखी वाटलं तरी वास तुमच्या ओळखीचा आहे. गुडघा फुटल्यावर आई तांब्यातल्या पाण्यात ज्या तपकिरी बाटलीतलं झाकणभर औषध टाकायची आणि पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं, तेच हे. ते पांढरं होणं म्हणजे बाटलीतलं तेलकट द्रव्य पाण्यात विखुरणं, बाकी काही नाही. पण त्या पांढरेपणावर आपल्या दोन पिढ्यांनी जेवढा विश्वास टाकला तेवढा कुठल्याही सरकारवर टाकला नसेल. फुटलेल्या गुडघ्यावर तो टाकणं ठीकच होतं. प्रश्न आहे तो न फुटलेल्या, धडधाकट हाताला दिवसातून दहा वेळा तेच लावण्याचा.

आणि तोटा काही आहे का? “नाही झाला फायदा, तर नाही झाला. नुकसान तर नाही ना?” असं वहिनी विचारतात, आणि हा प्रश्न चांगला आहे. ट्रायक्लोसान हातावरून वाहून जातो तो सगळाच नाही. २००३-०४ मध्ये अमेरिकेत लोकांची लघवी तपासली तेव्हा चारांतल्या तिघांच्या नमुन्यात तो सापडला. जनावरांवरच्या प्रयोगांत त्याने थायरॉइडसारख्या हॉर्मोनांच्या कामात लुडबुड केलेली दिसली. माणसांत तसंच होतं हे सिद्ध झालेलं नाही. पण ज्याचा फायदाच सापडत नाही, त्याच्यासाठी थोडाही धोका कोण पत्करेल?

मला स्वतःला अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. पूर्वी समज असा होता, की हा ट्रायक्लोसान जंतूंवर हातोड्यासारखा पडतो, त्यामुळे त्यांना त्यातून पळवाट काढता येणार नाही. १९९८ साली अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की तो हातोडा नाही. तो जंतूच्या एका ठरावीक एन्झाइमला जाऊन बसतो, आणि ते एन्झाइम थोडं बदललं की जंतूवर त्याची मात्रा चालेनाशी होते. त्याच जातीच्या एन्झाइमवर काम करणारं एक जुनं औषध आहे, आयसोनियाझिड. क्षयरोगाचं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या देशात आहे, त्या देशाने या बातमीवर सावरून बसायला हवं होतं. साबणामुळे घराघरांत असे निगरगट्ट जंतू तयार झाले आहेत, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत ते होतात, एवढं नक्की. पण क्षयाच्या औषधाचा शत्रू ज्या कवायतीने तयार होऊ शकतो, ती कवायत बेसिनवर रोज कशाला घ्यायची?

शिवाय हातावरचे सगळेच काही शत्रू नसतात. इस्रायल आणि कॅनडातल्या संशोधकांनी २०१६ साली हिशेब मांडला : सत्तर किलोच्या माणसात स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि बॅक्टेरिया सुमारे ३८ लाख कोटी. म्हणजे स्वतःच्या देहात आपण अल्पमतात आहोत. हे बहुमतवाले मुख्यतः आतड्यात राहतात, पण त्वचेवरही त्यांची जुनी भाडेकरू मंडळी आहेत आणि ती नव्या गुंडांना सहसा जागा धरू देत नाहीत. त्यांना रोज उठून हाकलायचं, हात कोरडे खरखरीत करून घ्यायचे आणि मग त्यावर मॉइश्चरायझर चोळायचं. दोन्ही बाटल्यांच्या तळाशी कंपनीचं नाव वाचा. पुष्कळदा एकच असतं.

हे वाचून काही मंडळी आता मिशीत हसत असतील. “आम्ही मातीत लोळलो, विहिरीचं पाणी प्यायलो, राखेने हात घासले. काही झालं नाही आम्हाला!” अशा काकांना माझा कोपरापासून नमस्कार. काका, काही झालं नाही असं सांगायला तेच उरले, ज्यांना काही झालं नाही. ज्यांना झालं ते या गप्पांना येऊ शकत नाहीत. तुमच्या आजीला विचारलं असतं तर किती झाली आणि किती जगली हे तिने बोटांवर मोजून दाखवलं असतं. माती खेळायला चांगली आहे. पण खेळून आल्यावर पोराचे हात धुवायलाच हवेत.

मारेकरी लागतोच अशा जागाही आहेत. १८४७ साली व्हिएन्नातल्या इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं, की शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच बाळंतिणींच्या खोलीत जातात आणि बाया तापाने मरतात. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि १८ टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यू काही महिन्यांत दोन टक्क्यांच्या आसपास आले. ऑपरेशन थिएटरमध्ये, जखमेवर, केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या घरात डॉक्टर सांगतील ते वापरायलाच हवं. पाणी नसेल तिथे साठ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेला सॅनिटायझरही चांगला. पण आमचे दोस्त काही शवविच्छेदन करून घरी येत नाहीत. फार तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेहून येतात. तिथे सेक्रेटरीचं विच्छेदन होतं हे खरं, पण त्याने हात खराब होत नाहीत.

एकदा वेष्टन वाचायचा छंद करून बघा. दर्शनी बाजूला ९९.९ हा आकडा गणपती मंडळाच्या फलकावरच्या आमदाराएवढा असतो. मागे, जिथे वेष्टन चिकटवलेलं असतं त्या घडीत, मुंगीच्या अक्षरांत खरी माहिती असते. तिथे टीएफएम लिहिलेलं असेल, म्हणजे साबणात खरा साबण किती, ते. भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या दर्जाच्या अंगाच्या साबणात तो ७६ टक्के तरी हवा, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात ६०. आणि जिथे साबण असा शब्दच नसून ‘बेदिंग बार’ लिहिलेलं असतं, तिथे तो ४० टक्के असला तरी चालतो. तेव्हा ढाल, कवच, चांदी, कडुलिंब अशी शस्त्रं मिरवणारी एखादी वडी प्रत्यक्षात साबण म्हणवून घ्यायलाही पात्र नसते. फेस मात्र भरपूर असतो.

घरात वडी सगळ्यांची एकच असली तर जंतू एकमेकांना लागतात, ही आणखी एक भीती. १९८८ साली यासाठी वड्यांना मुद्दाम जंतू फासून १६ जणांना त्यांनी हात धुवायला लावले होते. एकाच्याही हाताला ते लागले नाहीत. उलट २०११ साली अमेरिकेतल्या एका शाळेत, वरून ओतून भरत राहायच्या साबणाच्या डब्यांत बॅक्टेरियांची वसाहत सापडली. त्या साबणाने हात धुतल्यावर हातावरचे जंतू कमी होण्याऐवजी वाढले. आपल्या हॉटेलांतल्या त्या गुलाबी बाटलीची आठवण झाली ना? महिनोन्महिने न धुतलेली, दर सकाळी तळाच्या साबणात नळाचं पाणी घालून वर आणलेली, दाबलं की ज्यातून रंग तेवढा येतो ती. आपल्या घरी झिजून कागदासारखी झालेली जुनी वडी नव्या वडीच्या पाठीवर चिकटवायची पद्धत आहे. तिला चिंगूसपणा म्हणून हसणाऱ्यांनी ती बाटली आठवावी.

खरी गोम साबणाच्या जातीत नाहीच. २०१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीत देशभरच्या घरांना विचारलं, तेव्हा शौचानंतर साबणाने हात धुणारी घरं निघाली ७४.१ टक्के, आणि जेवणाआधी साबणाने हात धुणारी ३५.८. जेवणाआधी नुसत्या पाण्याने धुणारी साठ टक्के. कुठल्याही लग्नात पंगतीच्या वेळी बेसिनजवळ उभे राहा, हे आकडे चालताबोलताना दिसतील. जेवणाआधी वरपक्षाचे काका येतात, कोटाची बाही ओली होऊ नये म्हणून अंग चोरतात, चार बोटांची पेरं नळाखाली धरतात आणि झटकतात. हात धुतले! जेवण झालं की तेच काका बाह्या सारून येतात. साबण घेतात, मनगटापर्यंत फेस करतात, बेचक्या घासतात, खळखळून धुतात, बोटं नाकाशी नेऊन हुंगतात, मसालेभाताचा वास उरला असेल तर पुन्हा साबण घेतात. डांबरगोळ्या घातलेल्या त्या बेसिनपाशी रांग खोळंबते. जे पोटात जायचं होतं ते गेल्यावर हात असे चकाचक होतात. आपण अन्नाला निरोप देताना स्वच्छ असतो, स्वागताला नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. पुढच्या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत नुसतं ‘साबण’ असं लिहा, पुढे विशेषण नको. काका काय धुतात ते धुवोत, तुम्ही साबणाचा तो सोहळा जेवणाआधी करा. वीस सेकंद पुरतात. वेळ मोजायला मनात आरतीचं कडवं घोळवलं तरी हरकत नाही, फक्त टाळ्या वाजवू नका, फेस उडतो. आणि बाटल्यांचे जे पैसे वाचतील त्यांतून एक नेलकटर घ्या. हातावरच्या जंतूंची सगळ्यात दाट वस्ती नखांखाली असते, तिथे कुठलाच साबण धड पोचत नाही. नेलकटर पोचतो, आणि त्याची अँटीबॅक्टेरियल आवृत्ती अजून तरी माझ्या पाहण्यात आलेली नाही.